व इतर महिला

दत्तू, तुझ्या निधनाच्या बातमीत मी माझा फोटो छापला.

झालं ते असं. तू गेलास ती बुधवारची दुपार. आपल्या साप्ताहिकाचं पान छपाईला सुटायची वेळ. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा, आणि ऑफिसातून पान लावणाऱ्या शीतलचा फोन. "काका, दत्तूआण्णांचा तरुणपणीचा एकच फोटो सापडला, छपाईच्या मशीनजवळचा. पण त्यात दोघं आहेत. कुठला घेऊ?" माझ्या मोबाइलवर त्या फोटोची मागची बाजू होती, कारण गेले सहा-आठ महिने आपण दोघं तेवढंच करत होतो, जुन्या फोटोंच्या पाठी टिपून ठेवत होतो. तुझी ती खोड मला माहीत असायला हवी होती. फोटोमागे नाव लिहायचं ते ज्याचं त्याच्या डोक्याच्या बरोबर मागे. म्हणजे फोटो उलटा केला की डावीकडचा माणूस उजवीकडे जातो. हे तू मला शंभरदा सांगितलंस आणि शंभरदा मी "कळलं रे" म्हणालो. पाठीवर तुझं नाव डावीकडे होतं. मी शीतलला म्हटलं, डावीकडचा घे.

तिने कापलेला फोटो पाठवला. मी पाहिला. सडपातळ पोरगा, कुरळे केस, नुकती फुटलेली मिशी, मशीनच्या चाकावर ऐटीत ठेवलेला हात. डोळ्यांत पाणी, चष्मा खिशात. मनात म्हटलं, काय देखणा होता रे दत्तू! आणि 'छान, जाऊ दे' असं लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोसमोरच्या चहावाल्याने मला येताना पाहिलं आणि दुधाचं पातेलं उतू जाऊ दिलं. घरी फोन वाजत होता. मोरगावचे एक जुने वर्गणीदार. "माधवराव गेले म्हणं. नाव दुसऱ्याचं पडलंय चुकून, पर फोटो त्यांचाच हाय. सावडायला कधी यायचं? आपण कोण बोलताय?" मी म्हटलं, "मीच." मग म्हणाले, "आसं कसं?"

सुमनवहिनींकडे जायला मला धीर होत नव्हता. गेलो. अंक त्यांच्या मांडीवर होता, घडी घातलेला. मी दारातच हात जोडले. माझ्याकडे बघितलं त्यांनी, अंकाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "भावजी, एवढ्या वर्षांत ह्यांचं एक काम अंगावर घेतलंत. आणि ते पण मरायचं?" मग हसल्या. तू गेल्यावर पहिल्यांदाच हसल्या असं तुझी लेक म्हणाली. हसता हसता पदर तोंडाला लावला त्यांनी, आणि मग मला तिथे बसवेना.

पण त्या आठवड्यात एक गंमत झाली, ती तुला सांगायलाच हवी. फोन थांबेचनात. इंदापुरातून, भिगवणहून, कुठल्या कुठल्या वस्त्यांवरून. सुरुवात सगळ्यांची सारखी. "ओ, ह्यो दत्तूआण्णा न्हाय." आणि एकदा हे बजावून झालं की माणूस फोन ठेवत नसे. खरा दत्तूआण्णा कसा दिसायचा ते सांगायचं असायचं. "कान बघा की, आण्णाचं कान कसं सुपाएवढं व्हतं." मग कानावरून गाडी तू त्यांच्या मळ्यात जेवलास तिथे, मग त्यांच्या म्हाताऱ्याला घेऊन तू ससूनला गेलास तिथे. एक बाई म्हणाली, तू तिच्या लग्नात अक्षता वाटल्या होत्यास आणि निम्म्या स्वतःच खाल्ल्या होत्यास. मी फोन कानाला लावून पलंगावर बसून राहायचो. फोटो बरोबर छापला असता तर यातल्या एकानेही फोन केला नसता. दुःखद झालं म्हणून अंक बाजूला ठेवला असता.

हे तुझंच तंत्र होतं. मी ते चुकून वापरलं.

तू म्हणायचास, "माध्या, माणसाला इचारलं की त्यो सांगत न्हाय. त्येच्यापुढं चुकायचं, मग सांगतोय." ऑफिसातल्या दोन कपाटांत ते नावगाव नसलेले फोटो निघाले तेव्हा मी प्रश्नावली करायला बसलो होतो. तू ती वाचलीस, तिच्यात भेळ बांधून आणलीस, आणि मला फटफटीवर मागे बसवलंस. इंदापूरच्या बाजारात एका पारावर एक आबा बसले होते. तू त्यांच्यापुढे लंगोटातल्या एका पैलवानाचा फोटो धरलास. हे कोण, असं विचारलं नाहीस. म्हणालास, "आबा, ह्यो मारुती पैलवान न्हवं?"

"मारुती?" आबा जागच्या जागी ताठ झाले. "मारुती काय पैलवान व्हता व्हय? त्येला बोकडानं पाडलं व्हतं! आरं ह्यो ज्ञानू. ज्ञानू तुकाराम. ह्येच्या मांडीवर गाव झोपंल."

आणि मग ज्ञानूचा बाप, ज्ञानूची विहीर, ज्ञानूने जिंकलेली गदा आणि ती गदा पुढे कुणी मिरची कुटायला नेली ते. तू मधूनमधून आणखी चुकायचास, मुद्दाम. "म्हणजे तो वस्तीवरचा ज्ञानू?" "आरं वस्तीवरचा न्हवं, मळ्यातला!" आबांना तू भलताच आवडलास. जाताना त्यांनी तुला सांगितलं की पेपरात असून तुला कायच म्हाईत न्हाय, येत जा.

मग मलाही हुरूप आला. मोरगावला एका तात्यांपुढे मी असाच एक जुना फोटो धरला आणि त्यातल्या फेटेवाल्याला अंदाजाने एक नाव चिकटवलं. नाव निघालं तात्यांच्या बांधाला बांध असलेल्या भावकीतल्या माणसाचं, आणि फेटेवाला निघाला तात्यांचा बाप. तात्यांनी फोटो घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि शेळ्यांच्या पाण्याच्या डोणीत टाकला. तू तो बाहेर काढून फटफटीच्या सीटवर वाळत घातलास, आणि तो वाळेपर्यंत आपण दोघं उन्हात उभे. "चुकायला बी आभ्यास लागतोय," एवढंच म्हणालास. मग हसायला लागलास ते थांबेचनास.

दत्तू, मी तुला कधी म्हणालो नाही, पण निवृत्तीनंतरचे माझे सगळ्यात चांगले दिवस ते. ही गेल्यापासून घरात मला कुणी काही म्हणत नव्हतं. तू रोज सकाळी येऊन खालून हॉर्न वाजवायचास आणि मला वरून ओरडून सांगायला मिळायचं, "थांब रे, आलो." दुसऱ्या माणसाला थांबवून ठेवण्यात केवढं सुख असतं हे आता कळतंय. आता मी वेळेवर तयार होतो. कुणी थांबलेलं नसतं.

आपल्या पेपरच्या इतिहासाचं दालन जवळजवळ झालंय. छपाईची जुनी खोलीच अनघाने मोकळी करून दिली. मालकांची सून म्हणून आपण तिला आधी बिचकलो होतो, पण पोरगी पक्की आहे. ते पायाने मारायचं मशीन मधोमध आहे, छपाईच्या खिळ्यांचे खाने भिंतीला, पहिल्या वर्षापासूनच्या अंकांच्या फायली काचेखाली. तुझा बाहेरगावच्या बातम्या आणायचा खाकी झोळा पण खुंटीला लावलाय. त्यात मागल्या कुठल्याशा दौऱ्यातले शेंगदाणे निघाले. अनघा म्हणाली, काढून टाकू का? मी म्हटलं, राहू दे, तेही दस्तऐवज आहेत.

तुझा नियम तिने पाळलाय. नाव नाही तर भिंतीवर नाही. तो नियम तूच तिच्या गळी उतरवलास आणि तो पहिला नडला तुलाच. कळस गावचा तो गिरणीचा फोटो. बायकांनी मिळून पिठाची गिरणी घातली होती, तिच्या दारात उभ्या असलेल्या बायका. इंदापूरच्या स्टुडिओवाल्याने काढलेला, आणि पेपरात छापलाही होता. खाली फोटोओळ, अमुक साहेब यांच्या हस्ते फीत कापण्यात आली, समवेत गावातील इतर महिला. साहेबांचं नाव पूर्ण, पदव्यांसकट. फोटोत साहेबांची फक्त कोपऱ्यात बाही आहे.

त्या फोटोवरून आपण किती भांडलो! मी म्हणत होतो, आहे तीच ओळ खाली लावून टाकू. सुंदर फोटो आहे, कपाटात कशाला सडवायचा? तू म्हणालास, "इतर महिला हे कुणाचं नाव असतंय रं? हाक मारून बघ. ए इतर महिला, जेवायला ये." मी म्हटलं, पेपर 'व इतर' वरच चालतो, दत्तू. सगळ्यांची नावं घालायला बसलं तर बातमीला जागा उरणार नाही. तू म्हणालास, "मग बातमी काय राह्यली आन् त्यात?" मी तुला भावनाविवश म्हणालो. तू मला पुणेरी म्हणालास. मी पुण्यात उभ्या जन्मात दोन महिने राहिलो, तेही टायफॉइडने, पण तुझ्या कोशात माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी शिवी होती. चार दिवस तू हॉर्न वाजवला नाहीस. पाचव्या दिवशी आलास आणि जसं काही झालंच नाही तसं म्हणालास, कळसला जायचंय. मी म्हटलं, ऊन जरा उतरू दे.

ऊन उतरलं तोवर तू ऑक्सिजनवर होतास.

हॉस्पिटलात तू नळी बाजूला करून विचारलंस, कळसचं काय? मी म्हटलं, तू बरा हो, दोघं जाऊ. तू म्हणालास, "तू जा. मी आता थेट उद्घाटनालाच येतोय." आपल्याला दोघांनाही माहीत होतं. अशा वेळी माणसाने काहीतरी बोलायचं असतं. मी विचारलं, संत्री सोलू का? संत्री नव्हतीच तिथे. मोसंबी होती.

तुझी बातमी मीच लिहिली. फोटोचं सोड, मजकूर तरी धड होता असं मला वाटत होतं. पश्चात पत्नी, मुलगी, जावई, नातू आणि मोठा मित्रपरिवार. ही ओळ मी आजवर किती जणांसाठी लिहिली असेल! हात आपोआप लिहितो. दहाव्यानंतर घरी एकटा बसून तो अंक पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आलं की ह्या बातमीत मी कुठे आहे तर त्या शेवटच्या दोन शब्दांत. मोठा मित्रपरिवार. तिथे बसून पाहिलं मी, दत्तू. तिथे दुसरं कुणी नसतं. आणि बाहेरून कुणाला कळतही नाही की आत कुणी बसलंय.

वाद मी हरलो होतो. सांगायला तू नव्हतास.

त्याच सुमारास वहिनींनी आणखी एक सांगितलं. तुझ्या आईचा एकही फोटो नाही. बाजारातल्या एका फोटोत ती आहे म्हणतात, पाठमोरी, डोक्यावर पाटी. ते तू मला एकदाही बोलला नाहीस. मी भावनाविवश म्हणालो तेव्हाही नाही.

उद्घाटन रविवारी. काल मी एसटीने कळसला गेलो. फाट्यावर उतरून चालत. गिरणी अजून आहे, चालूही आहे, पट्ट्याचा तोच आवाज. दाराशेजारच्या कट्ट्यावर एक म्हातारी सुपात जोंधळा निवडत बसलेली. मी जवळ बसलो, फोटो काढला, आणि तुझं स्मरण करून पहिल्या बाईवर बोट ठेवलं. नाव हवेतून काढलं.

"मावशी, ही पारूबाई ना?"

"व्हय," म्हातारी म्हणाली.

मला वाटलं, योगायोग. दुसरीवर बोट ठेवलं. "आणि ही हौसाबाई?"

"व्हय की."

"ही कोंडाबाई?"

"त्येच."

मी घाम पुसला. दत्तू, मी जे नाव घेईन ते खरं होत होतं. मी चुकून बघत होतो आणि मला चुकताच येत नव्हतं. वहीत भराभर लिहीत गेलो. सगळ्यात मधे एक उभी आहे, पदराचं टोक दातात धरलेली, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी. तिच्यावर बोट ठेवलं. "ही गंगूबाई?"

म्हातारीने त्या बाईकडे जरा जास्त वेळ बघितलं. "आसंल," म्हणाली. "लिवा गंगूबाई. आन् सायेब, ह्या योजनेत काय काय भेटतंय?"

"कसली योजना?"

"मग ही यादी कशाची चाललीय?"

आता कळलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, वही काढून, बायकांची नावं लिहीत होतो. असा माणूस गावात आला की त्याचं म्हणणं खोडायचं नसतं. खोडलं तर यादीतून आपलंच नाव राहून जातं. तुझ्यापुढे माणसं तुला खोडायची कारण तू त्यांचा होतास. फोनवर मला खोडत होती तीही तुझ्यासाठी. चूक दुरुस्त करायला माया लागते, ही अर्धी गोष्ट तू मला सांगितलीच नव्हतीस.

मी म्हटलं, "मावशी, योजना नाही. मी बारामतीहून आलोय, पेपरातून. दत्तूआण्णांच्या कामाला."

सूप थांबलं. "कोण, खाकी झोळ्यावालं? फटफटीवालं?"

"हो."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय!" आणि तिने माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं. "कुठं हायेत? गाडी लावत्यात?"

खोटं कशाला सांगू, मीही वळून पाहिलं.

मग सांगितलं. तिने सुपातला जोंधळा एका बाजूला लोटला, पुन्हा मधे घेतला. "कवा?" विचारलं. सांगितलं. "आमाला कुणी सांगितलं बी न्हाय," म्हणाली. पेपरात छापलं होतं म्हणायला माझी जीभ वळली नाही. ती आत गेली, चहा घेऊन आली, आणि बसल्यावर हात पुढे केला. "द्या हिकडं त्यो फोटू."

"ह्यात एक बी पारू न्हाय. पारू करमाळ्याला दिली, तवा ही गिरणी नव्हती. ही सखू. ही तिची जाऊ, इठाबाई. ही रखमा, बघा, डबा खाली ठिवला न्हाय हिनं. फोटू काढणारा म्हणत व्हता, बाई डबा ठेव, डबा ठेव. म्हणली, पीठ सांडलं तर तुजी आय दळणार का? ह्यी मथुरा, गेली ती. ही सुंदरा, हिनं सगळ्यांची समजूत घातली तवा कुठं गिरणी झाली." बोट फिरत मधल्या बाईवर आलं. "आन् तुमी गंगू केली ती मी. सोनाबाई."

मी तिच्याच तोंडावर तिचं बारसं केलं होतं. "मावशी, मघाशीच का नाही सांगितलं?"

"तुमी एवढं हौसंनं सांगत व्हता. म्हटलं, आपल्याला न्हाय तर न्हाय, कुण्या गंगूला तरी भेटू दे."

वहीतली सगळी नावं मी खोडली, नवी लिहिली, आणि लिहिता लिहिता तिला पुन्हा विचारत होतो, सखू आधी की इठाबाई. तीनदा चुकलो. मुद्दाम नव्हे. कडेची एकच राहिली, अर्धी दारामागे असलेली. सोनाबाईने फोटो लांब धरला, जवळ धरला. "ही कुणाची तरी पाव्हणी व्हती. दळणाला म्हणून आली आन् फोटूत घुसली. नाव न्हाय याद येत."

मी तिला तुझा नियम सांगितला. एक नाव कमी म्हणजे फोटो कपाटात. ती म्हणाली, "एका पाव्हणीपायी आमाला सगळ्यांना कोंडून ठेवता व्हय? लावा की. तिच्या नावाची जागा तेवढी ऱ्हाऊ द्या." तर दत्तू, रविवारी फोटो लागतोय. खाली सगळ्या जणी नावानिशी, आणि कडेच्या खाली कोरी जागा. हे तुझ्या नियमात बसतं की नाही यावर तू चार दिवस तरी अबोला धरला असतास. धरायला हवा होतास.

निघताना मी वही खिशात घालत होतो, ती पडली, उचलायला वाकलो तर चष्मा पडला. सोनाबाई सूप घेऊन उभी राहून हे सगळं शांतपणे बघत होती.

"त्या पाव्हणीचं मी सखूच्या सुनंला इचारून ठेवते," म्हणाली. "म्हयन्याभरानं या. पर एकलं येऊ नका. कुणीतरी कळतं माणूस घिऊन या संगं."